दहा सारखे रोधक

सहा ओहमचे तीन रोधक दिले आहेत. ते असे जोडा की परिणामी रोध नऊ ओहम येईल, आणि मग असे जोडा की तो चार ओहम येईल. विज्ञान शिकलेल्या बहुतेकांनी दहावीच्या सुमारास हे उदाहरण किंवा याचे भावंड सोडवलेले असते. दोन रोधक समांतर, म्हणजे शेजारी शेजारी, जोडले की तीन ओहम होतात आणि त्यांच्याशी तिसरा एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडला की नऊ. उलट, दोन एकसर जोडून बारा करावेत आणि त्या जोडीला तिसरा समांतर लावावा, की उत्तर चार. तिन्ही एका रांगेत लावले तर अठरा आणि तिन्ही समांतर लावले तर दोन. तीन सारख्या रोधकांतून एवढीच चार उत्तरे निघतात, त्यामुळे चुकतमाकत का होईना, विद्यार्थी योग्य उत्तरापर्यंत पोहोचतो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत शिकवताना मी हे उदाहरण फळ्यावर इतक्या वेळा लिहिले आहे की त्यातील एका गोष्टीकडे लक्ष जायला मला फार उशीर लागला नाही. तिन्ही रोधक सारखेच का दिले जातात, हे कोणी विचारत नाही. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून, असे सगळे गृहीत धरतात आणि उदाहरण रचणाऱ्याच्या मनातही बहुधा तेवढेच असते. माझ्या मते मात्र या विषयाचा सगळा जीव त्या ‘सारखे’ असण्यातच आहे. हवी ती किंमत, म्हणजे हवे तितके ओहम, मिळवण्याची युक्ती म्हणून या जोडण्या शिकवल्या जातात, पण बाजारात हव्या त्या किमतीचा रोधक सहसा तयार मिळतो. सारख्या रोधकांचे खरे काम वेगळेच आहे आणि तिथवर जायचे तर आधी हा खेळ थोडा पुढे नेऊन पाहिला पाहिजे.

चार सारखे रोधक घेतले तर एकसर आणि समांतर मिळून दहा वेगळ्या जोडण्या होतात, पण किमती नऊच मिळतात, कारण दोन जोडण्यांचे उत्तर एकच येते. दोन-दोनच्या दोन एकसर जोड्या समांतर लावा किंवा दोन-दोनच्या दोन समांतर जोड्या एकसर लावा; परिणामी रोध एका रोधकाएवढाच राहतो. चार खर्चून पुन्हा एकच मिळाला असे विद्यार्थ्यांना वाटते आणि ते हसतात. तो व्यवहार मात्र तोट्याचा नाही: पाव वॅटचे चार रोधक असे जोडले की एक वॅट उष्णता सोसणारा, त्याच किमतीचा रोधक तयार होतो. हौशी रेडिओवाले याच न्यायाने एक किलोओहमचे वीस दणकट रोधक समांतर लावून पन्नास ओहमचा भार करतात आणि प्रक्षेपकाची चाचणी त्यावर घेतात. जोडण्यांची मोजदाद मात्र पुढे झपाट्याने वाढते. पर्सी मॅकमहॉन या गणितज्ञाने १८९२ मध्येच ती करून ठेवली होती. पाच रोधकांच्या चोवीस जोडण्या होतात आणि सहांच्या सहासष्ट. दहा सारख्या रोधकांतून ४,६२४ जोडण्या आणि त्यांतून २,२१३ वेगळ्या किमती निघतात. व्हीटस्टन सेतूसारख्या जोडण्या, ज्या एकसरही नसतात आणि समांतरही नसतात, त्या यात धरलेल्याच नाहीत.

आता उलटा प्रश्न घेऊ. एक ओहमचेच रोधक हाताशी आहेत आणि २२/७ ओहम हवा आहे. बावीसला सातने भागले की भाग तीन जातो आणि एक उरतो, म्हणून तीन रोधक एकसर लावावेत. उरलेला १/७ ओहम म्हणजे सात रोधक समांतर. तीन आणि सात मिळून दहा रोधकांत काम झाले. कोणताही अपूर्णांक याच वाटेने गाठता येतो: भागा, भागाकाराएवढे रोधक एकसर लावा, उरलेला अपूर्णांक उलटा करा, पुन्हा भागा, या खेपेला समांतर लावा, आणि बाकी शून्य होईपर्यंत असेच आलटून पालटून करत राहा. मसावि काढण्याची युक्लिडची रीत ती हीच, आणि आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंत चालत आलेल्या कुट्टकातला, म्हणजे समीकरणांची पूर्णांकी उत्तरे काढण्याच्या रीतीतला, परस्पर भागाकारही हाच. सगळ्या भागाकारांची बेरीज केली की लागणाऱ्या रोधकांची संख्या मिळते.

हे सूत्रातून पटते, पण कागदावर चित्र काढले की अधिक पटते. सर्वत्र सारख्या जाडीचा, विद्युतवाहक पदार्थाचा एक पातळ थर घ्यावा आणि त्यातून एक चौरस कापून समोरासमोरच्या दोन कडांमधला रोध मोजावा. चौरस बोटाच्या नखाएवढा असो की वहीच्या पानाएवढा, उत्तर एकच येते, कारण बाजू दुप्पट केली की विद्युतधारेला चालावे लागणारे अंतर दुप्पट होते आणि वाटेची रुंदीही दुप्पट होते. म्हणूनच असे थर वापरणारे लोक त्यांचा रोध ‘चौरसामागे इतके ओहम’ असा सांगतात. तो चौरस केवढा, हे सांगण्याची गरजच पडत नाही. आता याच थराची बावीस लांब आणि सात रुंद अशी पट्टी घ्या आणि धारा लांबीच्या दिशेने वाहू द्या. पट्टीतून सात बाजूचे तीन मोठे चौरस एकापुढे एक निघतात, आणि शेवटी एक लांब व सात रुंद असा जो तुकडा उरतो त्यात एक बाजूचे सात लहान चौरस शेजारी शेजारी बसतात. प्रत्येक चौरस म्हणजे एक सारखा रोधक. तीन एकसर आणि सात समांतर ही जोडणी पट्टीत आधीपासूनच आखलेली होती. भागाकाराने ती फक्त दाखवून दिली. आणखी एक गोष्ट त्याच चित्रात दिसते. पट्टी सगळीकडे सारखीच तापते, म्हणून मोठ्या चौरसात लहान चौरसाच्या एकोणपन्नास पट उष्णता निर्माण होते. टेबलावर दहा रोधक जोडून धारा सोडली तरी तेच घडते: पहिल्या तिघांना बोट लावून पाहावे, ते गरम लागतील, आणि पुढच्या सातांना धारा गेल्याचा पत्ताही नसेल.

या रीतीने दर वेळी शक्य तेवढा मोठा चौरस कापला जातो, आणि ही हाव नेहमी शहाणपणाची नसते. ५/६ ओहम हवा असेल तर या रीतीला सहा रोधक लागतात. पण दोन समांतर रोधकांचा अर्धा ओहम आणि तीन समांतर रोधकांचा तृतीयांश ओहम एकसर लावले की पाचच रोधकांत ५/६ होतो. पाच लांब आणि सहा रुंद पट्टीत तीन बाजूचे दोन चौरस आणि दोन बाजूचे तीन चौरस अगदी नेमके बसतात. आयताचे चौरस पाडण्याच्या कोड्याचे उत्तर रोधकांच्या जाळ्यात शोधता येते, हे ओळखून केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकणाऱ्या ब्रूक्स, स्मिथ, स्टोन आणि टट या चार विद्यार्थ्यांनी १९४० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला, आणि ज्यांतले कोणतेही दोन चौरस समान नसतील असे आयत त्यांनी त्यातून शोधून काढले. भौतिकशास्त्राने गणिताचे ऋण फेडल्याची अशी उदाहरणे थोडीच सापडतात.

कागदावरचा हा आनंद पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन रोधकांचे पाकीट आणले की जरा ओसरतो. तपकिरी, काळा, लाल आणि शेवटी सोनेरी अशा पट्ट्यांचा रोधक म्हणजे एक किलोओहम, पाच टक्के इकडे किंवा तिकडे. समजा, कोणाला हौसेने π (पाय) किलोओहमचा रोध करावासा वाटला. २२/७ पेक्षा ३५५/११३ पुष्कळ जवळचा, दशांश चिन्हानंतर सहा अंकांपर्यंत बरोबर. भागाकार येतात तीन, सात आणि सोळा, म्हणजे एकूण सव्वीस रोधक: तीन एकसर, त्यांच्यापुढे सात समांतर, आणि त्या सातांच्या शेजारी सोळा रोधकांची एक लांब साखळी. हिशेबाने उत्तर ३,१४१.५९३ ओहम येते. आता या साखळीचे काम किती, ते पाहा. ती नसती तर सात समांतर रोधकांचे १४२.८५७ ओहम झाले असते; ती लावल्यावर १४१.५९३ होतात. सोळा रोधकांनी मिळून सव्वा ओहमचा फरक पाडला. पहिल्या तिघांपैकी एखादा जरी एका टक्क्याने चुकीचा निघाला तरी दहा ओहम इकडचे तिकडे होतात. दागिना तोलण्याच्या काट्याने विटा मोजण्यातला हा प्रकार आहे आणि तरीही दर वर्षी कोणीतरी उत्साही विद्यार्थी तो करून दाखवतोच. मी त्याला अडवत नाही.

पण त्याच विद्यार्थ्याला मी दुसरे एक काम सांगते. कागदी पट्टीतून एकेक रोधक सुटा करून मल्टिमीटरवर मोज आणि आकडे एकाखाली एक लिहीत जा. दोन्ही तारा दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून धरू नकोस, हेही बजावावे लागते, कारण मोठ्या किमतीच्या रोधकाला आपले शरीर समांतर जोडले जाते आणि वाचन खाली घसरते. आकडे येतात ते साधारण ९८७, ९८९, ९८८, ९८६ असे. एक हजार कोणीच नाही, पण सगळे एकमेकांच्या अगदी जवळ. पाच टक्क्यांची सूट घेऊन ते पन्नास खाली, पन्नास वर असे विखुरलेले असतील ही विद्यार्थ्याची अपेक्षा असते, आणि तिथे ती मोडते. ‘दहा रोधक एकसर लावले की चुका एकमेकींना खोडून काढतील’ हे ऐकीव शहाणपणही तिथेच मोडते. चुका एकमेकींना खोडतात त्या स्वतंत्र असतील तेव्हा. एकाच यंत्रातून, एकाच दिवशी, एकाच थरातून निघालेल्या रोधकांच्या चुका एकाच बाजूला झुकलेल्या असतात, म्हणून दहा काय आणि शंभर काय, एकसर लावले तरी सव्वा टक्क्याची तूट सव्वा टक्काच राहते.

म्हणजे वेष्टनावर छापलेल्या किमतीशी प्रामाणिक नसलेले, पण एकमेकांसारखे, असे रोधक आपल्या हाती आहेत. त्यांचा उपयोग काय, याचे माझ्या पाहण्यातले सर्वांत देखणे उत्तर ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय मानक प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हॅमन यांनी १९५४ मध्ये दिले. त्यांच्यापुढचा प्रश्न मोजमापाचा होता. एक ओहमचा प्रमाण रोधक, म्हणजे ज्याची किंमत खात्रीने माहीत आहे असा रोधक, प्रयोगशाळेत आहे. त्याच्यावरून शंभर ओहमचा रोधक तितक्याच विश्वासाने कसा तपासावा? शंभरपट अंतरावरच्या दोन राशींची तुलना करणारे उपकरण स्वतःच चुका घुसडते. हॅमन यांनी दहा ओहमचे दहा सारखे रोधक घेतले. ते समांतर लावले की एक ओहम, एकसर लावले की शंभर. समांतर असताना त्यांची तुलना एक ओहमच्या प्रमाण रोधकाशी करायची, मग तेच दहा रोधक एकसर करून त्यांच्याशी शंभर ओहमचा रोधक ताडून पाहायचा.

शंका लगेच येते: ते दहा रोधक अगदी सारखे नसतील तर? इथे गणित आपल्या बाजूने उभे राहते. आकडे सोपे जावेत म्हणून शंभर ओहमचे रोधक घेऊ आणि मुद्दाम वाईट घेऊ: पाच १०१ ओहमचे आणि पाच ९९ ओहमचे. एकसर लावल्यावर बेरीज बरोबर १,००० येते. समांतर लावल्यावर उत्तर येते ९.९९९ ओहम. गुणोत्तर १०० ऐवजी १००.०१ झाले. रोधक एकेका टक्क्याने चुकले होते, गुणोत्तर चुकले एका टक्क्याच्या शंभराव्या भागाने. टक्क्याची चूक वर्ग होऊन बसली आहे. १०१ गुणिले ९९ हे दहा हजारांपेक्षा एकनेच कमी असते, ते शाळेतले विस्तारसूत्र इथे कामाला येते. रोधक दहा हजारांत एक भागापर्यंत सारखे करून घेतले, जे कुशल कारागिराला फार अवघड नाही, की गुणोत्तराची चूक दहा कोटींत एका भागावर येते. दुसऱ्या शब्दांत, एकसर जोडणी रोधकांचा अंकगणिती मध्य पाहते आणि समांतर जोडणी हरात्मक मध्य, म्हणजे व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त, पाहते, आणि राशी एकमेकींच्या जवळ असतील तर हे दोन मध्य जवळजवळ एकच असतात. दहाही रोधक तीन टक्क्यांनी जास्त असते, सगळे १०३ असते, तर? गुणोत्तर नेमके शंभर. छापील किंमत चुकल्याने तिथे काहीच बिघडत नाही.

या मांडणीतली आणखी एक खुबी मला फार आवडते. रोधक तापला की त्याची किंमत बदलते, म्हणून जोडणी बदलताना तापमान बदलले तर सगळा हिशेब कोलमडेल. पण समांतर जोडणीला एकसर जोडणीच्या दहाव्या भागाएवढे विभवांतर दिले की प्रत्येक रोधकावर दोन्ही वेळी तेवढेच विभवांतर येते आणि तेवढीच उष्णता निर्माण होते. आपण रांगेत उभे आहोत की शेजारी शेजारी, हे त्या रोधकाला कळायला मार्गच नसतो. दहा वेगवेगळ्या रोधकांच्या जाळ्यात हे साधले नसते.

सिलिकॉनच्या चकतीवर परिपथ आखणारे अभियंते रोज याच भरवशावर काम करतात. तिथे घडवलेल्या रोधकाची किंमत ठरल्यापेक्षा पंधरा-वीस टक्क्यांनी चुकली तरी कोणाला नवल वाटत नाही, पण शेजारच्या दोन सारख्या रोधकांत हजारात एक भागाचा फरक राखता येतो. म्हणून दुप्पट रोध हवा असेल तर दुप्पट लांबीचा एक रोधक आखण्याऐवजी ते त्याच मापाचे दोन रोधक एकसर लावतात, कारण लांब रोधकाची टोके, वळणे आणि कडा दुप्पट होत नाहीत, दोन सुट्या रोधकांची मात्र होतात. चकतीच्या एका बाजूला थर जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर दोन्ही गटांचे रोधक एकमेकांत मिसळून, मध्यबिंदू एकच येईल असे मांडतात. संगणकातले आकडे आवाजाच्या विद्युतदाबात बदलणारी, शिडीसारखी मांडलेली साधी जोडणीसुद्धा एकाच किमतीच्या रोधकांची करता येते. जिथे दुप्पट लागते तिथे दोन.

हे सगळे रोधक शेवटी जवळजवळ सारखे असतात. खरोखर सारखे रोधक मिळाले १९८० नंतर, क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी क्वांटम हॉल परिणाम शोधल्यावर. अतिशीत तापमानात आणि तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या योग्य अर्धवाहक पट्टीचा हॉल रोध, म्हणजे धारेच्या आडव्या दिशेने येणारे विभवांतर भागिले धारा, पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो; त्यातल्या एका पायरीवर तो १२,९०६.४०३७ ओहम येतो, आणि तो पट्टीचा आकार, कारखाना किंवा कारागीर यांवर अवलंबून नसतो. प्लँकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार एवढ्यांवरच तो ठरतो. २०१९ पासून हे दोन्ही स्थिरांक व्याख्येनेच निश्चित केलेले आहेत. मग दहावीतले उदाहरण पुन्हा नव्याने समोर येते: १२,९०६.४०३७ ओहमचे हवे तितके, अगदी सारखे रोधक दिले आहेत. ते असे जोडा की परिणामी रोध दहा हजार ओहम येईल. २०३/२६२ या अपूर्णांकाने गुणले की उत्तर ९,९९९.९९९८ ओहम येते, म्हणजे दहा कोटींत दोन भागांपेक्षा कमी चूक. आणि २६२ ला २०३ ने भागत गेले की भागाकार येतात एक, तीन, दोन, तीन, एक, दोन आणि दोन. बेरीज चौदा. फ्रान्स आणि जपान येथील मापनशास्त्रज्ञांनी अशा पट्ट्यांच्या जाळ्या एकाच चकतीवर खरोखर घडवल्या आहेत.

त्यांच्यापुढे उरलेली अडचण मात्र तपकीर गल्लीतून पाकीट आणणाऱ्याला ओळखीची वाटेल. पट्टी कितीही नेमकी असली तरी पट्टीला पट्टी जोडणारी तार आणि तिचा जोड यांना स्वतःचा रोध असतो, आणि तो एक ओहम जरी असला तरी तेरा हजारांत एक भागाची चूक आत शिरते. फ्रान्स्वा देलाए यांनी १९९३ मध्ये सुचवलेला तोडगा असा की दोन पट्ट्यांना नुसत्या एका तारेने न जोडता त्यांची समान विभवाची पुढची टोकेही दुसऱ्या तारेने जोडावीत. हॉल परिणामाच्या स्वभावामुळे दुसऱ्या तारेतून मूळ धारेचा साधारण तेरा हजारावा भागच वाहतो आणि चूक पुन्हा वर्ग होते, सुमारे सतरा कोटींत एक भाग. तिसरी तार लावली की ती त्याच्याही तेरा हजार पटींनी कमी होते, म्हणून या जाळ्यांमध्ये दोन पट्ट्यांमधला प्रत्येक जोड बहुधा तीन-तीन तारांचा केलेला असतो.